टाकी ते टाकी

आमच्या जुन्या गाडीच्या डाव्या कप्प्यात एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. गाडी घरी आली त्या दिवशी पहिली टाकी भरली आणि त्या वहीत तीन रकाने आखले: तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि भरलेले लिटर. तेव्हापासून ११ वर्षे, एकही खंड न पडता, प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर मी ती नोंद करत आले. वहीची पाने संपली तेव्हा तिला दुसरी वही शिवली, आणि गाडी विकायला काढली तेव्हा त्या जाडजूड वहीत साडेतीनशेहून अधिक नोंदी होत्या. गाडीने १,४८,००० किलोमीटर कापले होते आणि त्यासाठी सुमारे साडेतेरा हजार लिटर पेट्रोल जाळले होते. म्हणजे सरासरी लिटरला ११ किलोमीटर.

ही सरासरी काढण्याची रीत अगदी साधी आहे, पण तिला शिस्त लागते. टाकी काठोकाठ भरायची, ओडोमीटर लिहायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची आणि पुढच्या वेळी टाकी पुन्हा तितकीच भरायची. दुसऱ्या वेळी जितके लिटर आत गेले तितकेच मधल्या अंतरात जळले, म्हणून अंतराला त्या लिटरांनी भागले की अ‍ॅव्हरेज मिळते. एका टाकीचा आकडा फसवा असू शकतो, कारण नळी कधी थोडी आधी बंद पडते, कधी उतारावर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत हवा अडकून राहते. पण दहा टाक्यांची बेरीज घेतली की अशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतो तो आकडा विश्वास ठेवावा असा असतो. गाडीतल्या पडद्यावर दिसणारे अ‍ॅव्हरेज बहुतेकदा थोडे उदार असते. आमच्या गाडीचा पडदा वहीपेक्षा नेहमी अर्धा-पाऊण किलोमीटर जास्त सांगत असे.

चौथा रकाना माझ्या मुलीचा. गाडी आली तेव्हा ती तीन वर्षांची होती. सातव्या वर्षी शाळेत भागाकार सुरू झाला आणि त्यातली गंमत तिला काही केल्या कळेना, तेव्हा मी वही तिच्या मांडीवर दिली आणि सांगितले की गाडीने ४१२ किलोमीटर कापले, ३८ लिटर प्यायली, तर एका लिटरला किती ते तू शोध. तिथून पुढे चौथ्या रकान्यात तिचे अक्षर आहे: आधी मोठे, रेषेबाहेर जाणारे, मग हळूहळू लहान आणि आटोपशीर. हा सगळा तपशील सांगण्याचे कारण असे की गाडी विकावी की नाही, कोणती घ्यावी आणि कोणाला विकावी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला अखेर याच वहीने दिली, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी कल्पना केली होती त्याच्या अगदी उलट निघाले.

वहीतले आकडे सारखे नव्हते. लांबच्या प्रवासात, मोकळ्या रस्त्यावर, संथ चालीने गेलेल्या एका टाकीला १६ चा आकडा आहे. आईच्या आजारपणात मात्र सलग पाच टाक्या ८ च्या खालीच राहिल्या, कारण तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा दोन-अडीच किलोमीटरच्या फेऱ्या होत, आणि थंड इंजिनाला गरम व्हायलाच तेवढे अंतर लागते. थंड इंजिनात तेल घट्ट असते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून ते जास्त सोडावे लागते, आणि इंजिन जरा मार्गी लागते तोच आपण ते बंद करतो. आणखी एका हिवाळ्यात अ‍ॅव्हरेज काहीही कारण नसताना दीड किलोमीटरने उतरले. मेकॅनिकने तपासून सांगितले की थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे, त्यामुळे पाणी सतत रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन कधीच पुरते तापत नाही. वही नसती तर ही खोड मला कळलीच नसती, कारण चालवताना गाडीत काहीच वेगळे जाणवत नव्हते.

या साडेतेरा हजार लिटरांचे नेमके काय झाले, हा प्रश्न मला एका संध्याकाळी पडला आणि मग त्याने पाठ सोडली नाही. पेट्रोलचे एक लिटर पाऊण किलोच्या आसपास भरते. म्हणजे आमच्या गाडीने ११ वर्षांत जवळजवळ १० टन पेट्रोल जाळले होते, आणि ती स्वतः सव्वा टनाची होती. आपल्या वजनाच्या आठपट इंधन तिने हवेत सोडले होते. त्यातही एक गोष्ट मुलीला पटेना: एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे मूळ वजनाच्या तिप्पट. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे निघतील, असा तिचा रास्त प्रश्न होता. पेट्रोलमधला कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतून ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो, आणि कार्बनचे वजन १२ धरले तर त्या दोन ऑक्सिजनचे ३२ होते. वाढीव वजन हवेचे असते. हे तिला कागदावर मांडून दाखवताना मला स्वतःलाच पहिल्यांदा त्या आकड्याचा धसका बसला.

आणि या जळण्यातून चाकांपर्यंत पोहोचते ते किती थोडे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा भाग इंजिनाच्या उष्णतेत आणि धुराड्याच्या वाफेत निघून जातो. गर्दीच्या रस्त्यावर चाकांना मिळते ती जेमतेम पाचव्या भागाएवढी ऊर्जा. तीही टिकत नाही. सिग्नल सुटला की पेट्रोल जाळून सव्वा टनाला वेग द्यायचा आणि पुढच्या सिग्नलला तो सगळा वेग ब्रेकच्या चकत्या तापवून संपवायचा, हेच आमच्या गाडीचे मुख्य काम होते, कारण आमचे वर्षाचे साडेतेरा हजार किलोमीटर बहुतेक वस्तीतलेच होते. मोकळ्या रस्त्यावरचे गणित वेगळे असते. तिथे शत्रू हवा असते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो; ताशी ८० ऐवजी १०० ने गेले की तो दीडपटीहून जास्त होतो. पण ते आमचे दुखणे नव्हते. आमचे दुखणे थांबण्याचे होते.

गाडी बदलण्याची बोलणी घरात सुरू झाली ती मात्र दुसऱ्याच गाडीवरून. घरात दोन गाड्या: ही थोरली आणि नवरा वापरतो ती लहान, जी लिटरला १८ किलोमीटर देते. लहान गाडीच्या जागी लिटरला २८ देणारी गाडी त्याने पाहून ठेवली होती, आणि १८ वरून २८, म्हणजे १० किलोमीटरची झेप, हे ऐकायला फार मोठे वाटत होते. थोरलीच्या जागी तेवढ्याच आकाराची, पण लिटरला १५ देणारी गाडी मिळत होती. ती झेप केवळ ४ किलोमीटरची. साहजिकच सगळ्यांचे मत लहान गाडी बदलावी असे होते, आणि माझेही तेच होते.

अ‍ॅव्हरेजचा आकडा इथेच फसवतो. आपण विचारतो की एका लिटरमध्ये किती अंतर जाईल, पण आपले अंतर ठरलेले असते. कामाची जागा गाडी बदलल्याने लांब जात नाही. म्हणून विचारायला हवे ते उलट: ठरलेल्या १०० किलोमीटरला किती लिटर लागतील. लहान गाडीला १०० किलोमीटरला ५.६ लिटर लागत होते, नव्या लहान गाडीला ३.६ लागले असते. बचत दोन लिटरांची. थोरलीला ९.१ लागत होते, आणि १५ चे अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला ६.७ लागले असते. बचत जवळपास अडीच लिटरांची. दोन्ही गाड्या वर्षाला सारख्याच फिरतात, म्हणजे ४ किलोमीटरची झेप १० किलोमीटरच्या झेपेपेक्षा जास्त पेट्रोल वाचवणारी होती. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या ड्यूक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये नेमका हाच भ्रम दाखवून दिला होता, तोही मैल आणि गॅलनच्या भाषेत: लोक अ‍ॅव्हरेजमधला फरक पाहतात आणि जळणाऱ्या इंधनातला फरक त्यांच्या नजरेतून सुटतो. मला वाटते, प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकावर १०० किलोमीटरला किती लिटर हा आकडा ठळक छापला पाहिजे. ज्या देशांत तो तसा लिहिण्याची रीत आहे तिथल्या माणसाला ही फसगत निदान आकड्यामुळे तरी होत नाही. मुलीने चौथ्या रकान्याशेजारी पाचवा आखला आणि जुन्या नोंदींचे उलटे भागाकार करत दोन रविवार घालवले.

तरीही लगेच गाडी विकायची नाही, असे मी ठरवले. आधी वर्षभर हिलाच सुधारून पाहिले. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी तपासली, डिकीतले महिनोन्‌महिने फिरणारे ओझे काढले, सिग्नल लाल दिसताच पाय उचलून गाडी आपोआप मंदावू द्यायची सवय लावली. शेवटच्या वर्षांत १०.३ वर घसरलेले अ‍ॅव्हरेज पुन्हा ११ वर आले. ही सुधारणा लहान नव्हती, १०० किलोमीटरला अर्ध्या लिटरहून अधिक वाचले. आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावे लागले नाही. पण त्यापुढे गाडी हलेना. तिच्या इंजिनात आणि वजनात जे होते ते तेवढेच होते.

नव्या गाडीचा विचार करताना एक ऋण मी विसरू शकत नव्हते. गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच तिच्यासाठी पोलाद वितळलेले असते, अ‍ॅल्युमिनियम ओतलेले असते, काच, रबर, प्लॅस्टिक, तांबे तयार झालेले असते. मध्यम आकाराची एक गाडी घडवताना होणारे उत्सर्जन साधारणपणे पाच ते दहा टनांच्या घरात जाते. लिटरला २२ देणारी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी, नवी घेतली तर आमचे वर्षाचे पेट्रोल सव्वाबाराशे लिटरांवरून सहाशेच्या आसपास येणार होते, म्हणजे वर्षाला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड कमी. कारखान्यातले ऋण फेडायलाच चार ते सात वर्षे गेली असती. म्हणून आम्ही विकली ती जुनी आणि घेतली तीही जुनीच: तीन वर्षे वापरलेली हायब्रिड. याने ऋण नाहीसे होत नाही, हे मला कळते. पहिल्या मालकाने ती विकली कारण त्याला आणखी नवी घ्यायची होती, आणि त्या नव्या गाडीमागे आमचाही थोडा हात आहेच. पण ऋण वाटून घेतले गेले, आणि गाडीचे उरलेले आयुष्य तिचा खरा उपयोग होईल अशा रस्त्यावर जाणार होते.

विजेवर चालणारी गाडी का नाही, असे अनेकांनी विचारले, आणि प्रश्न योग्यच आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. तेवढ्या विजेवर एखादी बरी विजेची गाडी सहज ५० किलोमीटर जाते, कारण विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग चाकाला देते. वीज कोळशापासून आली तर हिशेब बदलतो, तरी मोटरची ती श्रेष्ठता कोणी नाकारू शकत नाही. आमची अडचण साधी होती. गाडी उभी राहते तिथे रात्री वीज जोडण्याची सोय नाही, आणि ज्या गाडीला रोज दुसऱ्याच्या दारात जाऊन भरावे लागेल ती आम्ही नीट वापरणार नाही, हे मला आमच्या सवयी पाहून ठाऊक होते.

हायब्रिडने मात्र आमचे थांबण्याचे दुखणे अचूक ओळखलेले आहे. वेग कमी करताना तिची मोटर जनित्राचे काम करते आणि जी ऊर्जा आमच्या जुन्या गाडीत ब्रेक तापवून वाया जात असे तिचा बराच भाग बॅटरीत परत जातो. सिग्नलला इंजिन बंद होते. निघताना पहिला जोर मोटर लावते, आणि ज्या संथ गतीला पेट्रोलचे इंजिन सर्वांत उधळे असते ती गती बॅटरीवर निघून जाते. मोटरचा आधार असल्यामुळे इंजिनही वेगळ्या घडणीचे ठेवता येते. जेम्स अ‍ॅटकिन्सनने १८८२ मध्ये असे इंजिन रचले होते की ज्यात वायू दाबला जातो त्यापेक्षा जास्त अंतर तो प्रसरण पावतो, म्हणजे प्रत्येक स्फोटातले बळ अधिक पिळून घेतले जाते. त्याची गुंतागुंतीची दांड्यांची रचना मागे पडली, पण आजच्या हायब्रिड इंजिनांत आत येण्याची झडप उशिरा मिटवून तोच परिणाम साधतात. अशा इंजिनाचा जोर कमी पडतो, आणि ती उणीव मोटर भरून काढते. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस विक्रीस आली तेव्हापासून ही जोडी रस्त्यावर आहे, त्यामुळे तीन वर्षांची जुनी हायब्रिड घेताना बॅटरीची धास्ती मला इतरांना वाटली तितकी वाटली नाही. ती बॅटरी गाडी कधी पुरती भरू देत नाही आणि कधी पुरती रिकामीही होऊ देत नाही, आणि तिच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण तेच आहे.

मग विकणे. जुन्या गाडीच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, त्यामुळे घेणारा प्रत्येकच गाडीकडे संशयाने पाहतो, भाव पाडून मागतो, आणि त्या पडलेल्या भावाला चांगल्या गाडीचे मालक बाजारातून निघून जातात. उरतात त्या वाईट गाड्या. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये हे मांडले आणि पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. यावर एकच उपाय माझ्या हातात होता, तो म्हणजे जे मला ठाऊक आहे ते सगळे आधीच सांगून टाकणे. क्लच संपत आला आहे. इंजिनाच्या खालच्या बाजूला तेल झिरपते, थेंब पडत नाही पण ओल दिसते. मागचे डावे दार एकदा बदललेले आहे. हे सगळे मी एका कागदावर लिहिले आणि वहीबरोबर ठेवले. भाव ठरवताना मात्र माझे मन डगमगले. आपल्या वस्तूचे मोल आपल्याला नेहमीच जास्त वाटते, आणि मी पहिल्यांदा सांगितलेला आकडा खरोखर अवाजवी होता. तो मी आठवड्याभरात स्वतःच खाली आणला.

अखेर दोन गिऱ्हाइके उरली, आणि माझी खरी परीक्षा तिथे झाली.

पहिले एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीला आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी न्यावे लागे, आणि दर वेळी भाड्याची गाडी मिळवताना त्यांची तारांबळ होई. आठवड्याला फार तर ६० किलोमीटर. सांगितलेला भाव ते खळखळ न करता द्यायला तयार होते. दुसरा गावोगाव फिरून शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस होता. त्याचे वर्षाला ३०,००० किलोमीटर होत, आणि तो जी किंमत देऊ शकत होता ती गृहस्थांच्या किमतीपेक्षा बरीच कमी होती.

माझे मन पहिल्या क्षणी गृहस्थांकडे झुकले, आणि त्याला एक कारण असेही होते, जे मला तेव्हा फार शहाणपणाचे वाटले: ही पेट्रोल पिणारी गाडी ज्याच्या हाती कमीत कमी फिरेल त्याच्याकडे जावी. आपण पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी सोडायची आणि तीच गाडी दुसऱ्याच्या हातात वर्षाला ३०,००० किलोमीटर धावायची, तर वाचले काय? नुसते खाते बदलले. या विचाराने मी शिलाई मशीनवाल्यांना जवळजवळ नाही म्हणून टाकले होते. मग ते गाडी चालवून बघायला आले, वही चाळली, आणि सहज म्हणाले, “ताई, ११ म्हणजे चांगलंच की. माझी व्हॅन आठसुद्धा कशीबशी देते.”

ती व्हॅन त्या काळातली होती जेव्हा ते मशीन उचलून दुकानात आणत. आता दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या घरीच होते आणि हत्यारांची एक पेटी पुरते. त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. लिटरला ८ ने ३०,००० किलोमीटरला ३,७५० लिटर. आमच्या गाडीने त्यांच्या मोकळ्या रस्त्यांवर १२ चे अ‍ॅव्हरेज सहज दिले असते, म्हणजे २,५०० लिटर. वर्षाला सव्वा हजार लिटरांची बचत. आणि आम्ही हायब्रिड घेऊन वाचवणार होतो ते सहाशेच्या आसपास. ज्या गाडीला मी उधळी म्हणून घराबाहेर काढत होते तीच गाडी योग्य माणसाच्या हातात, माझ्या नव्या गाडीच्या दुप्पट पेट्रोल वाचवणार होती. गाडी उधळी की काटकसरी, हे तिच्या इंजिनाइतकेच ती कोणाची जागा घेते यावर ठरते, हे मला ११ वर्षे वही लिहूनही कधी सुचले नव्हते.

मी हा हिशेब नवऱ्याला दाखवला तेव्हा त्याने दोन आक्षेप घेतले, आणि दोन्ही वजनदार होते. पहिला असा की व्हॅनचा तळ गंजला आहे, ती तशीही भंगारातच जाणार आहे. मग त्या बचतीचे श्रेय आपल्या गाडीला कसे देता येईल? याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी खुद्द शिलाई मशीनवाल्यांकडूनच मिळाले. आमची गाडी परवडली नाही तर त्यांनी तशीच आणखी एक जुनी व्हॅन पाहून ठेवली होती, कारण व्हॅन स्वस्त मिळत होती. म्हणजे बचत गाडीत नव्हती, मी कमी करणार असलेल्या किमतीत होती. दुसरा आक्षेप असा की वाचणारे ते लिटर आपल्या खिशात येत नाहीत, कमी झालेली किंमत मात्र आपल्या खिशातून जाते. हे खरे आहे आणि मी ते नाकारले नाही. पण आम्ही गाडी बदलत होतो ती काही केवळ खिशासाठी नव्हे. तसे असते तर दोन वर्षे थांबणेच फायद्याचे होते. पेट्रोल कमी जळावे म्हणून आपण इतका खटाटोप केला असेल, तर ते कोणाच्या टाकीत कमी जळते याला इतके महत्त्व का द्यायचे, असे मी विचारले, आणि तो बराच वेळ गप्प बसून शेवटी हो म्हणाला.

गृहस्थांना नाही म्हणणे मला जड गेले. त्यांच्या गरजेचे मोजमाप लिटरांत होत नाही. मी त्यांना पत्नीसह बोलावले आणि दोघांना गाडीत बसवून पाहिले. आमच्या गाडीची बैठक खाली होती. आत बसताना त्यांच्या पत्नीला दाराचा आधार घ्यावा लागला आणि उतरताना दोघांनी हात द्यावे लागले. क्लचही जड होता. उंच बैठकीची, गिअर आपोआप बदलणारी लहान गाडी त्यांना जास्त मानवेल, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. पुढे त्यांनी कोणती गाडी घेतली हे मला कळले नाही.

गाडी देताना करायची कामे यथासांग केली. मालकी बदलल्याची नोंद पुरी होईपर्यंत किल्ली दिली नाही, विमा बदलून घेतला, आणि गाडीच्या पडद्यात साठलेले फोन क्रमांक, घराचा पत्ता, जुने प्रवास पुसून टाकले. हे शेवटचे काम अनेक जण विसरतात आणि आपले अर्धे आयुष्य अनोळखी माणसाच्या हाती देतात. राहिली वही. मुलगी आता १४ वर्षांची आहे, आणि वही आपल्याकडे राहावी असे तिला मनापासून वाटत होते. मलाही वाटत होते. पण ती वही गाडीची होती. थर्मोस्टॅट कधी बदलला, कोणत्या टायरवर अ‍ॅव्हरेज वाढले, कोणत्या ऋतूत ते आपोआप उतरते, हे ज्याला गाडी चालवायची आहे त्याला कळले पाहिजे. मुलीने पानांची छायाचित्रे काढून घेतली आणि वही स्वतः नेऊन डाव्या कप्प्यात ठेवली.

नवी वही हिरवी आहे. तिच्यात पहिल्या तीन महिन्यांत जे दिसले ते मला आवडले नाही. अ‍ॅव्हरेज अपेक्षेप्रमाणे २२ आले, पण ओडोमीटर जास्त धावला होता. पूर्वी महिन्याला ११२५ किलोमीटर होत, आता १४०० होऊ लागले. जिथे पूर्वी चालत जात होते तिथे गाडी निघू लागली, कारण मनात कुठेतरी ‘हिला काय लागते’ असे बसले होते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल नेमके हेच लिहिले होते की वाफेचे इंजिन जितके काटकसरी झाले तितका कोळशाचा खप वाढला, कमी झाला नाही. आमचा खप वाढला नाही, पण महिन्याला ५१ लिटर वाचायला हवे होते तिथे ३८ च वाचत होते; बचतीचा चौथा हिस्सा आमच्या वाढलेल्या फेऱ्यांनी खाल्ला होता. तेव्हापासून हिरव्या वहीत अ‍ॅव्हरेजचा रकाना शेवटी गेला आहे आणि पहिला रकाना महिन्याच्या एकूण लिटरांचा आहे. गेल्या दोन महिन्यांत तो पुन्हा पन्नाशीच्या जवळ आला आहे.

परवा रात्री शिलाई मशीनवाल्यांचा फोन आला. क्लच बदलून घेतला, झिरपणाऱ्या तेलाकडेही लक्ष आहे, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाले की वहीत तारीख, ओडोमीटर आणि लिटर ते नेमाने लिहितात, चौथा रकाना मात्र रिकामा ठेवतात. तो मुलीचा आहे. “४९८ किलोमीटर झाले, ३९.६ लिटर भरले. तिला विचारा बरं.” मुलगी अभ्यास करत बसली होती. तिने आकडे ऐकले, हातातली पेन्सिल वर्तमानपत्राच्या कडेला टेकवली आणि काहीही न लिहिता उचलली.

“साडेबाराच्या थोडं वर,” ती म्हणाली, आणि मी ते तसेच फोनवर सांगितले.